लाँगआर्म मशीन रुसलं तर: आधी सुई, मग दोरा, टायमिंग सगळ्यात शेवटी

आमचं लाँगआर्म मशीन, म्हणजे रजई शिवायचं मोठं मशीन, घरी आलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तंत्रज्ञाला बोलावलं. टाके सुटत होते, दोरा चरचर तुटत होता. इंटरनेटवर वाचून माझी खात्री झाली होती की मशीनचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालचा हुक यांचा मेळ, गेलंय. आम्ही अमेरिकेत, मिसूरीत राहतो. तो गृहस्थ दोन तास गाडी चालवून आला, चष्मा कपाळावर चढवून सुईकडे बघितलं, सुई काढली, फिरवून परत बसवली, एक टीप मारली आणि बिल लिहायला बसला. मी सुई उलटी लावली होती. सहा मिनिटांचं काम आणि १८० डॉलर.

त्यानंतर गेली काही वर्षं मी हे मशीन स्वतः सांभाळते आहे. ओळखीच्या तीन-चार मराठी मैत्रिणींनीही मशीन घेतलं आणि प्रत्येकीचा पहिला फोन साधारण याच अवस्थेतला: 'अगं, टायमिंग गेलंय वाटतं.' जवळपास कधीच गेलेलं नसतं. म्हणून हा लेख. नवीन मशीन घेतलेल्यांसाठी, जुनं विकत घेतलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या बायकोने घेतलंय आणि 'तू इंजिनिअर आहेस ना, बघ की' असं ज्यांना ऐकावं लागतं त्यांच्यासाठीही.

१. आधी एवढं जमवून ठेवा

मशीनशेजारी एक डबा ठेवा. त्यात:

- शिलाई मशीनचं पांढरं, पातळ तेल, बारीक नळीच्या बाटलीत
- मऊ ब्रश आणि लांब टोकाचा चिमटा
- मशीनबरोबर आलेल्या ॲलन की आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर
- विजेरी आणि भिंग (चाळिशी ओलांडली असेल तर भिंग आधी घ्या)
- नव्या सुयांची दोन-तीन पाकिटं, वेगवेगळ्या मापांची
- एक जास्तीची बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ (बॉबिन) बसतं ती डबी
- बॉबिनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, मोजायचा गेज. टोवा नावाचा मिळतो. सुरुवातीला चैन वाटते, महिनाभराने वाटत नाही
- जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि कापसाचा बोळा. दोन्ही कशाला ते पुढे येईल

कागदपत्रांची वेगळी फाईल करा: खरेदीची पावती, वॉरंटी, मशीनच्या अंगावरच्या सिरियल नंबरचा फोटो, सॉफ्टवेअर असेल तर त्याची आवृत्ती, आणि मॅन्युअलची छापील प्रत. मशीन जुनं घेत असाल तर पहिल्या मालकाकडून पावती मागून घ्या आणि वॉरंटी तुमच्या नावावर होते का हे कंपनीला आधीच विचारा. बरेचदा ती मूळ मालकापुरतीच असते.

शिवाय एक वही. कुठल्या दोऱ्याला कुठली सुई, बॉबिनचं किती टेन्शन, तेल कधी घातलं, टाक्यांचा आकडा किती झाला. माझी वही हळदीच्या डागांची आहे, पण तिने मला मॅन्युअलपेक्षा जास्त वेळा वाचवलंय.

२. मशीन नेमकं काय करतं

साध्या शिलाई मशीनमध्ये मशीन जागेवर राहतं आणि आपण कापड सरकवतो. इथे उलटं आहे. वरचं कापड, मधली बॅटिंग (रजईतलं भरण) आणि खालचं अस्तर हे तीन थर फ्रेमच्या लाटण्यासारख्या रुळांवर ताणून गुंडाळलेले असतात आणि मशीनच आगगाडीसारख्या रुळांवरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे धावतं. हँडल आपल्या हातात. म्हणजे कागद जागेवर आणि पेन हलतंय, तसं. शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही पहिले दोन महिने हात वळत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. इथे बिघाड तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सुई-दोरा, मशीनचं डोकं आणि फ्रेम. शिवणकामातून आलेली मंडळी तिसरी जागा विसरतात आणि पहिल्या दोन जागांवर स्क्रू ड्रायव्हर चालवत बसतात.

टाका कसा बनतो तेही थोडक्यात. सुई खाली जाते, तळ गाठून किंचित वर येते, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास फुगतो. त्याच क्षणी खालचा फिरता हुक आपल्या टोकाने तो फास पकडतो आणि बॉबिनभोवती ओढून नेतो. हुक प्रत्येक टाक्याला दोन फेऱ्या मारतो. मिनिटाला दोन हजार टाके पडत असतील तर हुकाच्या चार हजार फेऱ्या झाल्या. फास नीट फुगला नाही की हुकाचं टोक रिकामं जातं आणि टाका सुटतो. सुटलेल्या टाक्याची जवळपास सगळी कारणं 'फास का फुगला नाही' या एका प्रश्नात येतात.

३. तूस आणि तेल

प्रत्येक वेळी बॉबिन बदलताना बॉबिन केस बाहेर काढा, हुकाभोवतीचं तूस ब्रशने झाडा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तितक्या वेळाने हुकाच्या कडेवर तेलाचा एक थेंब द्या. एकच. दोन थेंब दिले तर पुढच्या रजईवर तेलाचे ठिपके उमटतात, आणि पांढऱ्या कापडावर ते कसे दिसतात हे मला विचारू नका. तेल दिल्यावर आधी चिंधीवर हातभर टीप मारायची, मगच रजईवर जायचं.

तेल घालायच्या बाकीच्या जागा मॉडेलप्रमाणे बदलतात. काही मशीनना वाती आणि तेलाची छिद्रं असतात, काहींना हुक सोडून कुठेच तेल द्यायचं नसतं. मैत्रिणीच्या मशीनवर जे चालतं ते तुमच्यावर चालेलच असं नाही.

नेहमीच्या चुका:

दाबलेल्या हवेच्या डब्याने फुंकर मारणे. तूस बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाऊन बसतं. ब्रश आणि व्हॅक्यूमचं बारीक तोंड बरं.

गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून मारणे. तो थोड्या वेळाने वाळतो आणि मागे चिकट थर ठेवतो.

आणि घरगुती उपाय. माझी आई इथे आली होती तेव्हा तेल संपलं होतं. 'आपल्या मशीनला आजी खोबरेलच घालायची,' म्हणाली. घातलं. सांगलीच्या उन्हाळ्यात चालून जात असेल, पण खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि आमचं तळघर जानेवारीत १७ अंशांवर असतं. दुसऱ्या दिवशी हातचाक फिरवताना वाळूत चाक रुतल्यासारखं वाटत होतं. हुकाचा भाग पूर्ण पुसून काढण्यात शनिवार गेला. आईला अजून वाटतं की मशीनच नाजूक आहे.

रुळ आणि चाकं यांना मात्र तेल अजिबात नाही. ती फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसायची. चाकाच्या आसाभोवती दोऱ्याचे तुकडे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढा. रेषेत ठरावीक अंतरावर बारीक धक्का उमटत असेल तर आधी तिथेच बघा.

४. सुई, म्हणजे पहिला संशयित

घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, त्यामुळे ती उलटी बसूच शकत नाही. बहुतेक लाँगआर्मच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो. ती कशीही बसते, आणि घोळ इथेच होतो.

सुई हातात घेऊन नखाने चाचपा. एका बाजूला नेढ्यापर्यंत लांब पन्हळ असते, ती तुमच्याकडे, म्हणजे समोर. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर छोटी खोबण असते, ती मागे. हुक त्या खोबणीतूनच जातो. आता सुई मशीनच्या दांड्यात पूर्ण वरपर्यंत ढकला आणि स्क्रू घट्ट करा. नेढं सरळ समोर आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. नेढ्यातून एक बारीक टाचणी आडवी घाला. टाचणी मशीनच्या लांबीला समांतर, सरळ तुमच्याकडे रोखलेली दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे कललेली दिसली तर सुई थोडी फिरवा.

सुई बदलायची कधी? साधारण आठ तास शिवण झाली की, किंवा नवी रजई लावताना. मी दुसरा नियम पाळते कारण तो लक्षात राहतो. सुई टाचणीवर, झिपरवर किंवा जाड शिवणीवर आपटली, तर वेळ न बघता लगेच. वाकलेली सुई डोळ्यांना सरळच दिसते. काचेवर लोळवून बघा, टोक डगमगलं की ती कचऱ्यात.

माप दोऱ्यावर ठरतं. जाड दोऱ्याला लहान नेढं दिलं तर दोरा पिंजून तुटतो. बारीक दोऱ्याला जाड सुई दिली तर कापडावर भोकं दिसतात. पॉलिस्टरच्या नेहमीच्या ४० नंबरी दोऱ्याला १६ किंवा १८ मापाची सुई बहुतेक मशीनवर चालते. एम आर असं लिहिलेल्या सुया लाँगआर्मसारख्या बहुदिश शिवणीसाठीच बनवलेल्या असतात, त्या कमी वाकतात. पण तुमच्या मशीनला कुठली सुई जाते ते मॅन्युअलमधूनच घ्या, दुकानातल्या माणसाकडून नको.

५. दोऱ्याची वाट

एक जुना नियम आहे: गुंता खाली दिसला की दोष वर शोधा. अस्तराखाली दोऱ्याचं घरटं झालं, तर नवीन माणूस बॉबिनला शिव्या देतो. खरं म्हणजे वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो.

म्हणून काही बिघडलं की सगळ्यात आधी वरचा दोरा पूर्ण काढा आणि रिळापासून परत ओवा. अर्धा नाही, पूर्ण. चकत्यांमध्ये घालताना दोन्ही हातांनी दोरा धरून दातांत फ्लॉस फिरवतात तसा मागे-पुढे ओढा. मग चेक स्प्रिंग, म्हणजे ती वळलेली छोटी तार, दोऱ्याबरोबर खाली-वर हलते का बघा. हलत नसेल तर दोरा तिच्यात अडकलेलाच नाही. टेक-अप लिव्हर, म्हणजे दोरा वर ओढणारी खाली-वर होणारी दांडी, तिचं भोक चुकलंय का तेही.

रिळाच्या बरोबर डोक्यावर दोऱ्याची कडी असली पाहिजे. बाजूला असेल तर दोरा रिळाच्या कडेला घासून आचके देतो. चकचकीत पॉलिस्टर दोरा रिळावरून घसरून खाली बुंध्यात गुंडाळला जातो, त्याला जाळी घाला.

हिवाळ्यात आणखी एक. इथे घरं हीटरने इतकी कोरडी होतात की कापड, बॅटिंग, दोरा सगळ्यांतून ठिणग्या उडतात. दोरा विनाकारण मशीनच्या अंगाला चिकटतो. खोलीत ह्युमिडिफायर लावला की निम्म्या तक्रारी जातात. उन्हाळ्यात तळघराचं उलटं होतं, ओल येते, तेव्हा डीह्युमिडिफायर. नाहीतर सुईची प्लेट आणि बॉबिन केस यांच्यावर गंजाची लाली दिसू लागते.

६. टेन्शन: आधी खालचं

वरची घुंडी हाताशी असते म्हणून सगळे तीच फिरवत बसतात. क्रम उलटा हवा. बॉबिनचं टेन्शन हा पाया आहे. तो हलता असेल तर वर कितीही फिरवा, काही जुळत नाही.

बॉबिन केसमध्ये बॉबिन घाला, दोरा पातळ पट्टीखालून ओढून घ्या आणि केस तळहातावर उताणी ठेवा. दोरा हळूच वर उचला. केस तळहातावर उभी राहिली पाहिजे, पण हात सोडून वर उचलली जाता कामा नये. उचलली गेली तर टेन्शन जास्त, नुसताच दोरा सुटून आला तर कमी. गेज असेल तर एम आकाराच्या बॉबिनसाठी १८० ते २२० च्या दरम्यान सुरुवात करा आणि जिथे तुमच्या दोऱ्याचा टाका चांगला पडतो तो आकडा वहीत लिहा. केसवरचा मोठा स्क्रू घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा, मग परत बघायचं. पूर्ण फेरी मारलीत तर स्क्रू जमिनीवर आणि तुम्ही गालिच्यावर चार पायांवर.

टेन्शन अचानक बदललं तर स्क्रूला हात लावण्याआधी त्या पातळ पट्टीखालून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फिरवा. तुसाचा एक तंतू पट्टीला वर उचलून धरतो आणि टेन्शन निम्म्यावर येतं. केसच्या तळाशी असलेली चपटी स्प्रिंगही बघा. मशीन थांबल्यावर बॉबिन आपल्याच वेगाने फिरत राहू नये म्हणून ती असते. वाकली असेल तर प्रत्येक थांब्यावर खाली फास सुटतात. बॉबिन केस एकदा जरी फरशीवर पडली, तरी तिचा गोलपणा बिघडलेला असू शकतो. जास्तीची केस यासाठीच घ्यायला सांगितली.

बॉबिन सैल भरलेली किंवा काठोकाठ भरलेली असेल तरी हेच. कडेपासून थोडी जागा सोडा.

आता वरचं. चिंधीवर फक्त सरळ रेषा मारून समाधान मानू नका. गोल, कोपरे आणि दोन्ही दिशांच्या रेषा मारा. मग बघा:

वरच्या बाजूला दोरा तारेसारखा सरळ पडलाय आणि खालच्या रंगाचे ठिपके वर दिसतायत, तर वरचं टेन्शन जास्त. घुंडी थोडी सैल करा.

अस्तराच्या बाजूला खालचा दोरा तारेसारखा सरळ आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे फास दिसले, तर वरचं कमी. घट्ट करा.

सरळ रेषेत सगळं ठीक, पण वळणावर मागे पापण्यांसारखे बारीक फास. हे मात्र दोन कारणांनी होतं: वरचं टेन्शन किंचित कमी, किंवा तुम्ही वळणावर हात फार जोरात फिरवताय. आधी हात आवरून बघा. माझा अनुभव असा की दुसरं कारण कबूल करायला जास्त दिवस लागतात.

वर-खाली वेगळ्या रंगाचे दोरे सुरुवातीला वापरू नका. थोडंसं चुकलेलं टेन्शनही त्यात लपत नाही. सराव करताना मात्र मुद्दाम वेगळे घ्या, म्हणजे चूक दिसते.

७. फ्रेम

हा भाग नीट वाचा, कारण तंत्रज्ञाला बोलावून पैसे घालवायची सगळ्यात मोठी जागा हीच.

मशीन फ्रेमच्या मध्यावर नेऊन हात सोडा. ते आपोआप तुमच्याकडे किंवा डावीकडे सरकू लागलं तर फ्रेम समतल नाही. फ्रेमच्या पायांना उंची कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. पाणसळ लावून मध्यापासून कडेकडे जा. गालिच्यावर फ्रेम असेल तर पहिल्या वर्षात पाय बसत जातात, दर दोन-तीन महिन्यांनी तपासा.

आता रजईचा ताण. नवशिक्या सगळे रजई तबल्यासारखी ताणतात. तबल्यासारखी ताणलेल्या कापडात सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर वर उचललं जातं, फास फुगत नाही, टाका सुटतो. सुई वाकते, दोरा तुटतो, आणि मग टायमिंगवर संशय. रजईखाली हात घालून वरून दुसऱ्या हाताने ती बोटं चिमटीत धरता आली पाहिजेत. एवढी ढिली. पहिल्यांदा चुकीचं वाटेल.

रजई गुंडाळत जाल तसा मागचा रूळ जाड होत जातो आणि रजई मशीनच्या पाट्यावरून वर उचलली जाते. सुरुवातीला नीट पडणारे टाके अर्ध्या रजईनंतर सुटू लागले, तर कारण हेच असतं. रूळ आणि मशीनचा पाटा यांच्यात साधारण बोटभर जागा राहील अशी रुळाची उंची अधूनमधून बदला. उलट, रूळ फार खाली असेल तर मशीन घासून चालतं आणि हात दुखतो.

हॉपिंग फूट, म्हणजे सुईभोवती टुणटुण उडणारी ती कडी, तिची उंची बघायला व्हिजिटिंग कार्ड. सुई पूर्ण खाली असताना कडी आणि प्लेट यांच्यामध्ये कार्ड सरकलं पाहिजे, पण जास्त पोकळी नको. जाड बॅटिंगला थोडी वाढवा.

अस्तर चारही बाजूंनी किमान चार इंच मोठं घ्या. कमी घेतलंत तर कडेच्या क्लिपा मशीनच्या मार्गात येतात. क्लिपेवर आदळलेलं मशीन हे टायमिंग खरोखर जाण्याच्या मोजक्या कारणांपैकी एक.

८. टाक्यांची लांबी बिघडली तर

बहुतेक मशीनवर टाके एकसारखे ठेवणारा रेग्युलेटर असतो. मशीन किती सरकलं हे मोजायला रुळावर टेकलेली दोन छोटी चाकं असतात, एन्कोडर म्हणतात त्यांना: एक आडव्या दिशेचं, एक उभ्या दिशेचं. इथे निदान अगदी सोपं आहे आणि तरी लोक मोटर उघडतात.

आडवी रेषा चांगली पण उभी रेषा कुठे लांब कुठे आखूड, तर उभ्या दिशेचं चाक घसरतंय. त्यावर तूस बसलंय, ते रुळाला नीट टेकत नाही, किंवा त्याची वायर ढिली आहे. मशीन बंद करून चाक पुसा, वायर काढून परत घट्ट बसवा, चाक हाताने फिरवून बघा. रेग्युलेटर बंद करून एकसारख्या वेगाने शिवल्यावर टाके ठीक पडत असतील, तर सुई-दोऱ्याचा काही दोष नाही हे सिद्ध झालं.

संगणक जोडलेला असेल तर त्याबद्दल एकच: मशीन, संगणक, सगळं बंद करा, दोन मिनिटं थांबा, मॅन्युअलमधल्या क्रमाने चालू करा. आणि सर्ज प्रोटेक्टर लावा. मिसूरीत वसंतात विजांची वादळं येतात, तेव्हा मी प्लगच काढून ठेवते.

९. टायमिंगला हात लावण्यापूर्वी

आता या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

नवी सुई. दोरा परत ओवणे. बॉबिन बदलणे. हुक झाडून तेल. दुसरा दोरा लावून बघणे. रजई सैल करणे. रुळाची उंची. हॉपिंग फूट. रजईऐवजी कडेच्या चिंधीवर टीप.

एवढ्यानंतरही दोरा एकाच ठिकाणी पिंजत असेल तर खरवडा शोधा. सुई आपटली की प्लेटच्या भोकाच्या कडेला किंवा हुकाच्या टोकाला धातूचा अतिसूक्ष्म काटा उठतो. कापसाचा बोळा भोकाभोवती आणि हुकावर हळूच फिरवा, जिथे तंतू अडकतो तिथे काटा. भोकातला काटा अगदी बारीक पॉलिश पेपरच्या दोरीने घासता येतो. हुकाच्या टोकाला मी स्वतः कधी हात लावत नाही, ते टोक बोथट झालं तर नवीन हुकच घ्यावा लागतो.

आणि आता टायमिंग. प्लग काढा, प्लेट उघडा, हातचाक हाताने फिरवा. सुई तळ गाठून वर येऊ लागते तेव्हा हुकाचं टोक सुईच्या मागून, नेढ्याच्या किंचित वर, खोबणीतून गेलं पाहिजे. सुईला जवळजवळ चिकटून, पण न घासता. नेढ्याच्या खालून किंवा फार वरून गेलं, तर टायमिंग खरंच हललंय. मशीन नीट चालत असतानाच या क्षणाचा फोटो काढून ठेवा. बिघडल्यावर कशाशी ताडून बघणार?

दुरुस्त करायचं तर हुकाचे स्क्रू सैल करून तो शाफ्टवर किंचित फिरवायचा असतो. मॅन्युअलमध्ये आकडे आणि चित्रं असतील, वॉरंटीला बाधा येत नसेल आणि दुपार मोकळी असेल तरच करा. ज्या दांड्यात सुई बसते त्याची उंची मात्र हलवू नका. ती एकदा हलली की दोन अज्ञात संख्यांचं एकच समीकरण उरतं.

दोरा हुकामागे घट्ट अडकून मशीन बंद पडलं असेल तर जोर लावू नका. तेलाचा एक थेंब, चिमटा आणि हातचाक मागे-पुढे, एवढ्याने निघतो. जोर लावून फिरवलं की चांगलं असलेलं टायमिंगही जातं.

१०. आजीच्या साड्यांची गोधडी

हे विचारणाऱ्या मैत्रिणी खूप, म्हणून वेगळं लिहिते. जुन्या नऊवार साड्यांचे थर घालून लाँगआर्मवर गोधडी होते. सुंदर होते. पण हातच्या धावदोऱ्याची ती लाटालाटांची मऊ वळी मशीनच्या टाक्यात येत नाही, हे आधीच मान्य करा.

जरीचे काठ कापून बाजूला काढा. जर सुईचं टोक बोथट करते आणि दोरा कापते. साड्या धुऊन खळ पूर्ण काढा. विरलेला भाग रुळांच्या ताणाने फाटतो, म्हणून तो मधल्या थरात घाला आणि वरचा-खालचा थर धड साडीचा ठेवा. बॅटिंग न घालता पाच-सहा थर साड्यांचेच घालणार असाल तर आधी त्याच थरांच्या चिंध्यांवर सुई आणि टेन्शन जुळवा. घट्ट विणीचं कापड एकावर एक आलं की सुई गरम होते आणि दोरा वितळून तुटतो. वेग कमी ठेवा.

११. तंत्रज्ञाला फोन करताना

अमेरिकेत बहुतेक गावांत लाँगआर्मचा तंत्रज्ञ नसतो. लाँगआर्म बनवणाऱ्या कंपन्यांपैकी गॅमिल मिसूरीतलीच, वेस्ट प्लेन्सची. एपीक्यूएस आयोवातल्या कॅरोलची. अशा कंपन्यांना फोन लावण्याआधी समोर ठेवा: सिरियल नंबर, टाक्यांचा आकडा, दोरा आणि सुईचं नाव, चिंधीवरच्या टाक्याचे वरून आणि खालून काढलेले फोटो, आणि आतापर्यंत काय काय बदललंत त्याची यादी. 'चालत नाहीये' म्हणालात तर तो पहिल्यापासून सुरू करेल. 'उभ्या रेषेत टाका सुटतो, आडव्या नाही, नवी सुई घातली, रजई सैल केली' म्हणालात तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

केंटकीतल्या पदुकाला क्विल्टचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९९१ पासून. त्या गावातल्या वसंतातल्या क्विल्ट प्रदर्शनाला गेलात तर कंपन्यांचे लोक समोर भेटतात. आपली बॉबिन केस पिशवीत घालून न्या. मी नेली होती, आणि ती तिरकी झाली आहे हे तिथे कळलं.

मशीन भारतात न्यायचा विचार असेल तर: इथली वीज १२० व्होल्टची, तिथली २३०. नुसता प्लगचा अडॅप्टर लावून चालत नाही. कंपनीला लेखी विचारा.

१२. दोन महिने भारतात जाताना

अर्धवट रजई फ्रेमवर ताणून ठेवून जाऊ नका. रूळ सैल करा, नाहीतर परत आल्यावर कापड ओढलं गेलेलं असतं. वरचा दोरा काढा, बॉबिन केस बाहेर काढून डब्यात ठेवा, हुक झाडून तेलाचा थेंब द्या आणि हातचाक दहा-बारा वेळा फिरवा. प्लग काढा. जुनी सुती चादर पांघरा, प्लास्टिक नको, आत ओल धरते.

परत आल्यावर लगेच रजईवर जाऊ नका. तेल परत द्या, नवी सुई घाला, हातचाक हाताने फिरवून कुठे अडतं का बघा, आणि चिंधीवर एक पूर्ण बॉबिन संपेपर्यंत शिवा. पहिल्या चार-पाच फुटांत तेलाचे ठिपके येतील. जेटलॅगमुळे पहाटे तीनला जाग येतेच, त्या वेळेत हे काम होऊन जातं.